चौसष्ट रेघांचा हिशेब

खंडाळा म्हटले की पुष्कळ वाचकांना बोरघाटातले थंड हवेचे खंडाळा आठवते. आमचे खंडाळा ते नव्हे. आमचे सातारा जिल्ह्यातले, पुणे-बंगळूर महामार्गावरचे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे. घाट चढण्याआधी ट्रकवाले इथे थांबतात, टायर ठोकून हवा पाहतात, चहा घेतात नि पुढे जातात. सावित्रीमाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आमच्याच तालुक्यात. अशा या गावात २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही एक उद्योग आरंभला. चाळीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याच्या एका बंद संगणकासाठी नवा बोर्ड घरीच तयार करायचा, असा तो उद्योग. तो कसा झाला, कुठे अडला आणि त्यात आमची स्वतःची काय फजिती झाली, ते या पानावर प्रामाणिकपणे सांगायचे आहे. फजिती म्हणतो खरे. पण ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

मुळात हा संगणक आमच्या घरी आला कसा, ते आधी सांगितले पाहिजे. आमचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते एका हायस्कुलात शिपाई होते. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना सुरू केली आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे इंग्लंडचे संगणक दिले. तात्यांच्या शाळेला तसा काही मिळाला नाही. तेव्हा संस्थेने पदरचे पैसे घालून एक लहान यंत्र घेतले. त्याचे नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आला, त्याची स्पेक्ट्रम प्लस ही पुढची आवृत्ती १९८४ मध्ये आली. ती आपल्या देशात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी या नावाने विकत असे. काळा, फुलस्केप वहीएवढा डबा आणि त्यावर बटणे. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचा.

त्या यंत्राला स्वतंत्र खोली मिळाली. मुलांच्या वर्गात पंखा नव्हता, त्या खोलीत दोन होते. खिडकीला पडदे, खाली जाजम, यंत्रावर रेक्झिनची खोळ आणि दारावर पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात.' धुळीने यंत्र बिघडते, असे सांगण्यात येई. संगणकाची फी वेगळी होती. ती भरणारी मुले आठवड्यातून एकदा आत जात, बाकीची खिडकीतून पाहत. आम्ही बाकीच्यांत होतो. तात्या रोज सकाळी ती खोली झाडत, खोळ काढून एकेक बटण मऊ फडक्याने पुसत आणि पुन्हा खोळ घालीत. दहा-बारा वर्षे त्यांनी ती बटणे पुसली, पण एकही कधी दाबले नाही. आम्ही लहानपणी विचारले तर म्हणत, "दाबलं आन् काय झालं, तर पगारातनं कापत्याल."

पुढे शाळेत नवे संगणक आले आणि जुने सामान भंगारात निघाले. तात्यांनी रीतसर पावती करून तो डबा घरी आणला आणि माळ्यावर ठेवला. आम्ही बी.कॉम. झालो, कारकून म्हणून चिकटलो, एम.एस.-सी.आय.टी. केले, टॅलीवर बोटे चालू लागली. माळ्यावरच्या डब्याला मात्र कोणी हात लावला नाही.

२०२४ च्या जूनमध्ये कौले शाकारायला माळा रिकामा केला, तेव्हा डबा खाली आला. आमचा भाचा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो, तो तेव्हा घरी होता. त्याने स्क्रू काढून आत पाहिले आणि नाक मुरडले. वर्षानुवर्षांची गळती आणि उंदरांची घाण यांनी बोर्ड खाल्ला होता. तांब्याच्या रेघा हिरव्या पडून जागोजागी तुटल्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, कशाला त्रास? मोबाइलवर हुबेहूब तसाच स्पेक्ट्रम चालवता येतो." त्याने लगेच चालवून तात्यांपुढे धरला. तात्यांनी चष्मा लावून पाहिले नि मोबाइल परत दिला. म्हणाले, "ही ती न्हाय. ह्येला मी पुसलेलं न्हाय."

वय ७८, एक डोळा मोतीबिंदूचा काढलेला. माणूस कशासाठी हट्ट धरतो हे त्याच्या मुलाला कळले पाहिजे. आम्ही ठरवले की हाच डबा, हीच बटणे चालू करायची.

आता बोर्डाविषयी थोडे सांगतो. कंटाळू नका, यात समजायला अवघड काही नाही. या यंत्रात मुख्य चार खाती. पहिले सीपीयू, म्हणजे हिशेब करणारा. तो झेड-८० नावाचा, १९७६ साली झायलॉग कंपनीने काढलेला. दुसरे रॉम, म्हणजे कायमची छापील नियमावली, १६ किलोबाइटची. तिसरे रॅम, म्हणजे रोजची कच्ची वही, ४८ किलोबाइटची. आणि चौथे यूएलए, म्हणजे चित्र टीव्हीवर पाठवणारा, बटणांवर लक्ष ठेवणारा आणि सीपीयूला ठोके देणारा हेडक्लार्क. ही यूएलए इंग्लंडच्या फेरांटी कंपनीकडून सिंक्लेअरने खास करवून घेतलेली. ती आता कोणी बनवत नाही आणि आमच्यावरची तर मेलेली होती.

इथे एका इंग्रज अभियंत्याचे काम उपयोगी पडले. ख्रिस स्मिथ त्यांचे नाव. त्यांनी यूएलएच्या आतले काम उलगडून २०१० साली त्यावर पुस्तकच लिहिले, आणि तेच काम बाजारात सर्रास मिळणाऱ्या ७४ मालिकेतल्या साध्या आय.सी. जोडून करता येते हे 'हार्लेक्विन' नावाच्या बोर्डाने दाखवून दिले. म्हणजे एक बडा साहेब गेला तेव्हा त्याचे काम साध्या कारकुनांत वाटून दिले, आणि कचेरी पूर्वीसारखी चालू राहिली! आम्हां कारकुनाला ही कल्पना फार आवडली. भाच्याने त्याच धर्तीचा, आमच्या डब्यात बसेल असा नकाशा मिळवला आणि बोर्ड छापायला पाठवला. छापणारा पाचाच्या खाली देत नव्हता, म्हणून पाच आले. आय.सी., सॉकेटे, रेझिस्टन्स, कंडेन्सर यांसाठी एस.टी.ने स्वारगेट गाठले आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन शनिवार घातले. सीपीयू आणि रॉम मात्र जुन्या बोर्डावरूनच अलगद काढून घेतले. झायलॉगने झेड-८० चे सुटे उत्पादन २०२४ मध्येच बंद केले, त्यामुळे जुना जपणे शहाणपणाचे होते. शिवाय नियमावली तीच राहिली, हेही आमच्या मनाला बरे वाटले.

कामाला तिघे. भाचा, आम्ही आणि वस्तीतल्या एका गवंडीभावाची मुलगी. ती आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करीत होती. तिच्या हातचे सोल्डर पाहण्यासारखे असते. प्रत्येक टाका लहान शंकूसारखा, चकचकीत, ना कमी ना जास्त. आमच्या पडवीत दर रविवारी बैठक बसे. सोल्डरमध्ये शिसे असते म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि साबणाने हात धुतल्याखेरीज चहाच्या कपाला शिवायचे नाही, असा आमच्या घरच्यांचा दंडक होता. तो त्यांनी शेवटपर्यंत चालवला.

आणि आम्ही, कारकुनाच्या सवयीने, एक रजिस्टर घातले. अनुक्रमांक, तारीख, कोणता भाग बसवला, कोणी बसवला. भाचा हसला. आम्ही म्हणालो, "उद्या चूक निघाली तर कोणाची ते कळायला नको का?" हे वाक्य लक्षात ठेवा.

सप्टेंबरात बोर्ड भरून झाला. पहिली परीक्षा आय.सी. न बसवता, फक्त विजेची. घरातला एक जुना ९ व्होल्टचा अडॉप्टर भाचा लावणार, इतक्यात मुलीने मल्टिमीटर धरला आणि म्हणाली, "काका, थांबा." या संगणकाची गंमत अशी की त्याच्या पिनेच्या मध्यभागी ऋण आणि बाहेर धन लागते. बाजारातले बहुतेक अडॉप्टर नेमके उलटे असतात. तो लावला असता तर पहिल्याच दिवशी नुकसान झाले असते. वायरी उलट करून घेतल्या, प्रत्येक सॉकेटवर ५ व्होल्ट आले, मग आय.सी. बसवल्या.

टीव्ही लावला तर पडद्यावर रंगीबेरंगी चौकोनांची गोधडी! हलेना, डुलेना. भाचा म्हणाला की चित्र पाठवणारे खाते चालू आहे, पण हिशेब करणारा झोपला आहे. सीपीयू जागा आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. रॉम आणि रॅम काढून ठेवायचे आणि आठही डेटा वायरी रेझिस्टन्समार्फत शून्यावर बांधायच्या. झेड-८० च्या भाषेत शून्य म्हणजे 'काही करू नकोस, पुढच्या घरात जा'. मग तो बिचारा ६५,५३६ घरे एकामागून एक ओलांडत राहतो, संपली की पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ३५ लाख ठोके, प्रत्येक घराला ४ ठोके, म्हणजे सेकंदाला पावणेनऊ लाख घरे. भागाकार करा, सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या होतात. म्हणून पत्त्याच्या शेवटच्या वायरीला, पाचव्या पायाला, रेझिस्टन्स घालून एलईडी जोडला तर तो डोळ्यांना दिसेल असा लुकलुकतो. हजारो रुपयांचे यंत्र लागत नाही.

आमचा एलईडी लुकलुकला नाही. मग २६ व्या पायावर मीटर लावला. तो रीसेटचा पाय. चालू झाल्यावर तो ५ व्होल्टच्या जवळ जायला हवा, आमच्याकडे तो खालीच पडून होता. तिथला छोटा कंडेन्सर उलटा बसला होता. रजिस्टर पाहिले : भाचा. सगळे हसलो. घरच्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, चहा झाला, कंडेन्सर बदलला आणि एलईडी लुकलुकू लागला. तात्यांनी विचारले, "ह्यो डोळा मारतोय का?" इतका आनंद झाला की काही विचारू नका.

रॉम-रॅम परत बसवले. टीव्ही लावला. पडदा काळा, त्यावर बारीक तांबड्या उभ्या रेघा, आणि बस्स. पुढे काही नाही.

आता चूक कुठे असेल? भाचा म्हणाला, "सोल्डर कुठेतरी कच्चे आहे." ते खरेच होते. मग कोणी मोठ्याने म्हटले नाही, पण सगळ्यांच्या नजरा मुलीकडे गेल्या. सॉकेटे बहुतेक तिनेच मारली होती, हे कारण. शेजारचे एक गृहस्थ चहाला आले होते, ते बोलून गेले, "पोरीच्या हातात गरम कावी दिल्यावर दुसरं काय व्हायचं!" भाचा हसला. आम्ही हसलो नाही, पण बोललोही नाही. मुलीने मान खाली घालून बोर्ड उचलला आणि आपला टाका न् टाका पुन्हा गरम केला. त्यात दोन रविवार गेले. रेघा तशाच. तिसऱ्या रविवारी ती आली नाही. निरोप आला की घरी काम आहे. शिरवळच्या एका कारखान्यात तिची ॲप्रेंटिसशिपची मुलाखत जवळ आली होती आणि वस्तीत बोलणे पसरायला वेळ लागत नाही.

तिची गैरहजेरी आम्ही रजिस्टरात नोंदवली. कारण काय लिहावे ते सुचेना, म्हणून रकाना मोकळा सोडला. त्या रात्री झोप लागली नाही. उठून पडवीत गेलो, टीव्ही लावला आणि त्या रेघांकडे पाहत बसलो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तेरीज जुळत नसेल तर सगळी वही पुन्हा लिहायची नाही, आधी फरकाकडे पाहायचे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत, ५४ चे ४५ झालेत, अशी शंका घ्यावी. फरक स्वतःच सांगतो की चूक कोणत्या जातीची आहे. आम्हांला वाटले, या रेघाही काही सांगत असतील. तात्यांचे वाचायचे भिंग घेतले आणि पडद्याला डोळा लावून रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. चौसष्ट भरल्या.

भाच्याला उठवले. त्याने चालू अवस्थेतल्या यंत्राचे चित्र मोबाइलवर काढले. सुरू होताना क्षणभर अशा तांबड्या रेघा चांगल्या यंत्रातही दिसतात, पण त्या बत्तीस असतात आणि मंद असतात. आमच्या दुप्पट होत्या आणि झगझगीत होत्या.

बत्तीस का? तर नियमावलीप्रमाणे यंत्र सुरू होताच कच्च्या वहीच्या प्रत्येक घरात २ हा आकडा लिहिते. मग प्रत्येक घरातून १ वजा करते, पुन्हा १ वजा करते. बाकी शून्य आली तर घर चांगले. अगदी आमच्यासारखे : दोन जमा, एक खर्च, एक खर्च, शिल्लक निरंक. पडद्यावर आडवे २५६ ठिपके, आठ ठिपक्यांचे एक घर, म्हणजे एका ओळीत ३२ घरे. घरातल्या आठ जागांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आकडा २ असेल तर फक्त सातवी जागा पेटते. म्हणून घराला एक रेघ, एकूण बत्तीस.

आमच्या प्रत्येक घरात दोन रेघा होत्या. भिंगातून पाहिले तर एक सातव्या जागी, ती हक्काची. दुसरी दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागेची किंमत ६४. म्हणजे आम्ही २ लिहीत होतो आणि वाचताना ६६ येत होते. त्यातून दोनदा एक वजा केला तरी ६४ उरणार, शून्य कसे येईल? यंत्राला वही खोटी वाटून ते तिथेच कोलमडत होते. आणि रेघा झगझगीत का? कारण रंगाच्या खात्यात ६४ ची जागा 'उजळ' यासाठी राखलेली असते. दोन साक्षीदार, साक्ष एकच : ६४ ची वायर कुठेतरी सुटून लोंबकळते आहे आणि नेहमी 'आहे' म्हणूनच वाचली जाते आहे.

सगळ्या बोर्डावर शेकडो टाके होते. आता शोधायचा होता एका वायरीचा माग. आम्ही नकाशावर पेन्सिलने टिक करत गेलो, भाचा मीटर लावत गेला. इथे टूं वाजले, टिक. इथे वाजले, टिक. रॅमच्या सॉकेटवर ६४ च्या पायाला मीटर लावला आणि तो गप्प राहिला. पुन्हा लावला. गप्प. बोर्ड उलटा केला तर खालून टाका चांगला गोल, चकचकीत दिसत होता. भिंग घेऊन वरून पाहिले तेव्हा कळले. सॉकेट बसवताना तो पाय भोकात उतरलाच नव्हता. तो आत मुडपून सॉकेटच्या पोटाखाली गेला होता. खालचे सोल्डर नुसत्या रिकाम्या भोकावर बसले होते.

भाच्याने रजिस्टर उघडले. पान आमच्यापुढे धरले, पण वाचले नाही. वाचायची गरज नव्हती, अक्षर आमचेच होते. रॅमचे सॉकेट, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात : 'स्वतः'. त्या दिवशी मुलगी उशिरा येणार होती आणि एक तरी सॉकेट आपल्या हातचे असावे म्हणून आम्ही हौसेने ते मारले होते.

चूक कोणाची ते कळावे म्हणून आम्ही रजिस्टर घातले आणि कळायची वेळ आली तेव्हा उघडले नाही. भाच्याच्या कंडेन्सरच्या वेळी लगेच उघडले होते. या वेळी का नाही? कारण या वेळी आम्हांला वाटत होते की उत्तर ठाऊक आहे. पोरीने केले असणार, एवढे पुरे झाले. ज्यांच्याविषयी 'ह्यांच्या हातून दुसरे काय होणार' असे बोलले गेले, त्यांच्यातलेच आपण. ज्या खोलीत धूळ नेतील म्हणून मुलांना चपला काढायला लावत, त्या खोलीच्या खिडकीबाहेर आम्ही उभे होतो. आणि आमच्या पडवीत आम्ही काय केले? शेजाऱ्याने जे म्हटले ते आम्ही म्हटले नाही, हा काही बचाव नव्हे. घर आमचे होते, रजिस्टर आमचे होते, वय आमचे मोठे होते.

सकाळी तिच्या घरी गेलो. गवंडीभाऊ कामावर निघायच्या तयारीत होते. त्यांच्यासमोर, तिच्या आईसमोर सांगितले की तिचा एकही टाका चुकलेला नव्हता. चूक आमच्या हातची होती आणि ती आमच्याच वहीत आमच्याच अक्षरात लिहिलेली होती. शेजारचे गृहस्थ बोलले तेव्हा आम्ही गप्प बसलो, ती दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. गवंडीभाऊ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबूजी, भिंत वाकडी आली तर आमी आदी वळंबा लावतो. मग बोलतो." एवढेच. वळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन, भिंत सरळ आहे का ते पाहायचे. आम्हांला त्याहून जास्त काही ऐकायची गरज नव्हती.

मुलगी आत गेली, हात पुसून आली आणि म्हणाली, "काका, चला. बघू."

तिने भिंगातून पाहिले. सॉकेट उपसायला गेलो तर तांब्याची रेघ निघून येण्याची भीती, म्हणून तिने केसाइतकी बारीक वायर घेतली. तिचे एक टोक मुडपलेल्या पायाला आणि दुसरे खालच्या रेघेला मारले. दहा मिनिटे लागली नाहीत. मग आमच्या त्या गोल चकचकीत टाक्याकडे बघून म्हणाली, "तुमचं सोल्डर दिसायला चांगलं आहे, काका. म्हणून तर कुणी बघितलं नाही." आम्ही मुकाट्याने मान हलवली.

टीव्ही लावला. पडदा काळा झाला, तांबड्या रेघा क्षणभर चमकल्या आणि गेल्या. पडदा पांढराशुभ्र झाला आणि खालच्या ओळीत इंग्रजी अक्षरे उमटली : १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. आमच्या घरच्या स्वयंपाकघरातून धावत आल्या.

डब्यातली बटणांखालची पातळ चकती जुनी होऊन चिरली होती. तशी नवी मिळते, ती मागवायला आणखी तीन आठवडे गेले. नोव्हेंबरच्या एका रविवारी नवा बोर्ड जुन्या डब्यात बसवला, स्क्रू आवळले आणि तात्यांना बोलावले. तात्या पडवीच्या उंबऱ्याशी आले आणि त्यांनी चपला काढल्या. एरवी पडवीत ते चपला घालूनच वावरतात. मुलगी म्हणाली, "आजोबा, राहू द्या की चपला. काही होत नाही त्याला." तात्यांनी तिच्याकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि पुन्हा पाय चपलांत घातले.

खुर्चीवर बसले. सवयीने आधी हाताच्या पंजाने बटणांवरची नसलेली धूळ पुसली. मग विचारले, "कंचं दाबू?" मुलगी म्हणाली, "तुम्हांला वाटेल ते." त्यांनी इंग्रजी 'पी'चे बटण दाबले. या यंत्राची अशी रीत आहे की ओळीच्या सुरुवातीला एक बटण दाबले की अक्षर न येता आज्ञेचा अख्खा शब्द येतो. 'पी' दाबले की 'प्रिंट', म्हणजे 'छाप'. तात्या मागे सरकले. "मी येकच दाबलं," ते म्हणाले, "ह्यानं आख्खा शबुद दिला." मग मुलीने दाखवले तसे अवतरणचिन्ह घालून त्यांनी आपले नाव एकेक इंग्रजी अक्षर शोधत लिहिले. हजेरीपटावर तीस वर्षे इंग्रजीत सही केलेली, अक्षरे ठाऊक होती. एंटर दाबल्यावर नाव पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात उमटले. ते पाहत ते बराच वेळ बसले. आम्ही कोणी काही बोललो नाही.

वाचकहो, हिशेब सांगायचा तर या उद्योगात पाच हजारांच्या आत खर्च आला आणि पाच महिन्यांचे रविवार गेले. आजच्या साध्या मोबाइलपुढे हे यंत्र काहीच नाही. पण मोबाइल आतून कसा चालतो हे तो वापरणाऱ्याला दिसत नाही, आणि इथे एक वायर सुटली तर ती पडद्यावर येऊन स्वतःचा नंबर सांगते. मुलांना हे एकदा डोळ्यांनी पाहू द्यावे. घरातला बंद रेडिओ, टेप भंगारवाल्याला देण्याआधी एक दिवस मुलामुलींच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर द्यावा. वीज काढून, सेल काढून. जुन्या जाड टीव्हीला मात्र हात लावू देऊ नये, त्यात बंद केल्यावरही जबर दाब शिल्लक राहतो. आणि बिघाड शोधताना, यंत्रातला असो की घरातला, आधी मोजावे आणि मग बोलावे.

मुलीची ॲप्रेंटिसशिप सुरू झाली. ती बोर्डामुळे मिळाली असे नाही, तिच्या मार्कांवर मिळाली. छापून आलेल्या पाचांतले चार बोर्ड शिल्लक होते. त्यांतला एक ती सुट्टीच्या दिवशी आमच्या पडवीत भरते आहे. या वेळी रजिस्टर तिच्या ताब्यात आहे. परवा आम्ही हौसेने एक सॉकेट मागितले, तर तिने दिले आणि रकान्यात आमचे नाव आधी लिहून घेतले.